विश्लेषण : ग्राफिक्स कार्डचे ‘ओव्हरक्लॉकिंग’ किती सुरक्षित?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरमुळे मेमरी चिपची मागणी वाढली आणि २०२५च्या अखेरीस मेमरीचे दर भडकले. डिसेंबरमध्ये ‘मायक्रॉन’ने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. ग्राफिक्स कार्डलाही मेमरी लागतेच. अशा वेळी नवे कार्ड घेण्यापेक्षा जुन्याचाच वेग वाढवावा, हा विचार स्वाभाविक आहे. मात्र त्यात कार्ड गमावले, तर नवे घेणे आणखी महाग पडेल.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चिप चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने ते करता येते.

नुकसान नेमके कशाने होते?

वेगापेक्षा व्होल्टेज अधिक घातक. चिपची वीजखप वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवले तर वीजखप सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि तेवढीच उष्णताही. नुसता वेग जास्त झाला तर बहुधा खेळ बंद पडतो किंवा संगणक अडकतो. तो पुन्हा सुरू करून आधीची सेटिंग लावता येते. तापमान फार वाढल्यास आधुनिक कार्ड स्वतःच वेग कमी करते. खरा धोका ही संरक्षक मर्यादा ओलांडण्यात आहे. दुसऱ्या कार्डचे बायोस टाकणे किंवा सर्किटमध्ये फेरफार करणे म्हणूनच टाळावे.

कनेक्टर वितळण्याचे प्रकरण काय?

ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’चे वीज कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण ठरले. त्या कनेक्टरची क्षमता ६०० वॅट, तर २०२५च्या ‘आरटीएक्स ५०९०’ची गरजच ५७५ वॅट. तिथे पॉवर लिमिट वाढवायला जागाच उरत नाही.

सुरक्षित पद्धत कोणती?

आधी धूळ साफ करावी, प्लग घट्ट बसल्याची खात्री करावी आणि मूळ सेटिंगवरचे तापमान नोंदवावे. मग व्होल्टेजला हात न लावता कोअरचा वेग एका वेळी १५ ते २५ मेगाहर्ट्झने वाढवावा. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. पडद्यावर ठिपके, रेषा दिसल्या किंवा खेळ बंद पडला, की दोन पायऱ्या मागे यावे. मेमरीचा वेग स्वतंत्रपणे वाढवावा. काही कार्डांत मेमरी चुका आपोआप सुधारते. त्यामुळे काही बिघडलेले दिसत नाही, पण वेग उलट घटतो. म्हणून दरवेळी फ्रेम मोजाव्यात.

हा खटाटोप करावा का?

फायदा साधारण ५ ते १० टक्के. त्याने चालत नसलेला खेळ चालू लागत नाही. शिवाय खोली १५ अंशांनी तापली, तर कार्डही जवळपास तेवढेच जास्त तापते. जानेवारीत स्थिर असलेली सेटिंग विदर्भातल्या मे महिन्यात टिकेलच असे नाही. वॉरंटीच्या अटीही आधी वाचाव्यात. अनेकांसाठी उलटा मार्ग, म्हणजे ‘अंडरव्होल्टिंग’, जास्त फायद्याचा : वेग जवळपास तेवढाच ठेवून व्होल्टेज कमी करायचे. कार्ड थंड राहते, पंख्याचा आवाज घटतो, वीजही वाचते. महागाईच्या काळात कार्ड आणखी दोन वर्षे टिकवणे हीच मोठी बचत.