भीतीचेही मोजमाप हवे

विद्यार्थी मित्रांनो, दातांच्या डॉक्टरांचे नाव काढताच पोटात गोळा येणारे तुमच्या वर्गात बरेच निघतील. २०२० साली कोविडची साथ आली आणि या जुन्या भीतीला संसर्गाच्या नव्या भीतीची जोड मिळाली. आता मुलांबरोबर आईवडीलही धास्तावले.

ही नवी भीती निराधार होती काय? मुळीच नाही. दात कोरण्याचे यंत्र दाबाखालील हवेने मिनिटाला सुमारे ३ ते ४ लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडतात. या पाण्याचे लाळमिश्रित थेंब हवेत उडतात. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाचसहा सेकंदांत खाली येतो. परंतु स्टोक्सच्या नियमानुसार पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे १० मायक्रॉनचा थेंब, तो वाटेत सुकला नाही असे धरल्यास, सुमारे ८ मिनिटे तरंगतो. १ मायक्रॉनचा तर कित्येक तास! म्हणूनच ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, समाजात संसर्ग पसरत असलेल्या ठिकाणी तातडीचे नसलेले दंतोपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला.

पण दातांची कीड टाळेबंदी पाळत नाही. तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचे कठीण आवरण विरघळू लागते. पडलेला खड्डा आपोआप बुजत नाही. ठणकणारा दात लपवणे म्हणजे सावधगिरी नव्हे.

माझ्या मते येथेच आपली गल्लत होते. सावधगिरी परिस्थितीनुसार बदलते. भीती मात्र मनात घर करून राहते. ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. पण 'दवाखाना म्हणजे धोका' हे ज्या मुलाने घरी वर्षभर ऐकले, त्याच्या मनातली आणीबाणी कोणी संपवायची?

भीतीही मोजता येते. नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली त्यासाठी चार प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. भीती कमी करण्याची रीतही आहे : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. बालदंतवैद्य ती १९५९ पासून जाणतात. पालक-शिक्षकांनी एवढेच करावे : 'दंगा केलास तर डॉक्टर दात उपटतील' ही धमकी कायमची बंद करावी.

आणि मित्रांनो, तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा यंत्राच्या शिट्टीकडे नीट कान द्या. मिनिटाचे ३,६०,००० फेरे म्हणजे सेकंदाचे ६,०००. म्हणून तो स्वर इतका उंच. यंत्र दाताला टेकताच तो स्वर खाली येतो. असे का होत असेल? उत्तर शोधा आणि डॉक्टरांनाही विचारा. ज्याच्या मनात प्रश्न असतो, त्याच्या मनात भीतीला जागा थोडी उरते.