निर्यातबंदीचा न मांडलेला हिशेब

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत तेव्हा खरिपाचा लाल कांदा येत होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्याला मात्र काही आठवड्यांत कोंब फुटतात, नाहीतर तो सडतो. भाव पडला म्हणून ट्रॅक्टर घरी वळवण्याची सोयच त्या शेतकऱ्याला नव्हती, मिळेल त्या भावात माल सोडावा लागला. दोन-तीन आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले. शहरात कांदा उतरला याच्या बातम्या झाल्या, पण तो कोणाच्या खर्चाने उतरला हे कोणत्याही सरकारी वहीत लिहिले गेले नाही. रात्रीतून लादलेली निर्यातबंदी हा ग्राहकाला दिलासा देण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे, आणि त्याचा हिशेब मांडलाच जात नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा स्वस्त वाटतो.

हा हिशेब कसा करावा, हे डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने १८१७ मध्येच दाखवून दिले आहे. त्याच्या उदाहरणात वर्षभराच्या ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० माणसे लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक मद्यासाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस आहे. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावेच का? कारण कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे ती करताना सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू. अर्थशास्त्र याला वैकल्पिक खर्च म्हणते. मद्याच्या बदल्यात तेवढे कापड घेतले, तर पोर्तुगालला ते ९० ऐवजी ८० माणसांच्या श्रमात पडते आणि इंग्लंडला मद्य १२० ऐवजी १०० माणसांच्या श्रमात. कोणीही जास्त राबलेले नाही, तरी दोघांचेही श्रम वाचले. तुलनात्मक लाभ म्हणतात तो हाच.

नाशिकचा कांदा आणि बांगलादेशाचे ताट यांचे नाते याच जातीचे आहे. थोड्या जमिनीवर प्रचंड लोकसंख्या पोसणाऱ्या त्या देशात रब्बीत कांदा वाढवायचा, तर बोरो भात, मसूर किंवा मोहरीची जागा कमी होते. म्हणून शेजारून कांदा घेणे त्यांना परवडते आणि तो विकणे आपल्याला. पण सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात बंद केली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितल्याचे जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवले आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंती केली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. ज्याचा पुरवठादार असा अचानक दार लावतो, तो गिऱ्हाईक दुसरा विक्रेता शोधतो किंवा तोट्यातही स्वतः पीक घेतो. बांगलादेशाने दोन्ही केले. हवा, जमीन आणि पिढ्यांचे कसब यांनी मिळवलेला लाभ असा आपल्याच हाताने खर्ची पडतो. बंदी उठते, पण सुटलेले गिऱ्हाईक आपसूक परत येत नाही.

यावर पहिला आक्षेप गरीब ग्राहकाचा, आणि तो गंभीर आहे. हातावर पोट असणाऱ्या घरात कांदा महागला तर भाजीच आटते. शिवाय निर्यात एकूण उत्पादनाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. २०२२-२३ मध्ये सुमारे ३०० लाख टन उत्पादनातून २५ लाख टनांच्या आसपास कांदा बाहेर गेला. एवढ्याने शेतकऱ्याचे काय बिघडते, असे विचारले जाते. पण नाशवंत मालाचा भाव ठरतो तो शेवटच्या, न खपणाऱ्या गोण्यांवर. बाहेर जाणारा माल आवारातच साचला की सगळ्याच मालाचा भाव खाली ओढला जातो. म्हणजे गरिबाला दिलासा देण्याचा भार, जो खुद्द अनेकदा गरीबच असतो, त्या अल्पभूधारकावर पडतो. समाजाने घेतलेल्या जबाबदारीचा पैसा समाजाच्या तिजोरीतून यायला हवा. राखीव साठ्यासाठी सरकार कांदा खरेदी करतेच. तो वेळेवर आणि रास्त भावाने घेऊन टंचाईत विकणे, हा मार्ग हाताशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. व्यापार खुला हवा म्हणायचे, तर आयातही मान्य करावी लागेल. मान्य करायलाच हवी. पण व्यापाराचा लाभ देशाला झाला म्हणजे तो प्रत्येकाला झाला, असे होत नाही. आयातीने ज्याचा भाव पडतो, त्याला पीक बदलायला वेळ आणि आधार द्यावा लागतो. आपण मात्र उलटे करतो. कांद्याची निर्यात थांबली, त्याच आठवड्यात पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली. एका पिकाला बाहेरचा चढा भाव नाकारला आणि दुसऱ्या पिकासमोर बाहेरचा स्वस्त माल आणून ठेवला. दोन्ही वेळा झळ शेतकऱ्यालाच. याला खुला व्यापार म्हणता येत नाही आणि संरक्षणही म्हणता येत नाही.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. ते शुल्क पूर्णपणे १ एप्रिल २०२५ रोजी गेले. सरकारने आता तरी नियम पेरणीआधी जाहीर करावा: कोणत्या भावाला किती शुल्क लागेल आणि ते कधी उतरेल. बंदीचे हत्यार खऱ्या दुष्काळासाठी राखून ठेवावे आणि ते उचललेच, तर त्याच आदेशात शेतकऱ्याच्या भरपाईची रक्कमही लिहावी. ती रक्कम कागदावर आली की बंदी किती महाग असते, हे सही करणाऱ्यालाही दिसेल.