गाणं कुलपात, किल्ली कुणाकडं?

हिपहॉपवाले गाणी करतात आणि कुलपात ठेवतात. वर्षानुवर्षं बाहेर काढत नाहीत. त्यावर आपल्यातलेच काही दोस्त तोंड वाकडं करतात. म्हणतात, गाणं जनतेचं. ते दडवणं ही गद्दारी, पैशाचा माज. दोस्तहो, शिवी हासडण्याआधी एवढंच विचारा. कुलूप कुणाचं? किल्ली कुणाच्या कनवटीला?

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांनी हे गाणं उभं केलं. जुन्या तबकड्या फिरवून ताल काढला. मागनं कंपन्या आल्या. कंपनी गाणाऱ्याला उचल देते. उचल म्हणजे काय, हे आपल्या ऊसतोड कामगाराला समजावून सांगायला नको. ती गाणाऱ्याच्याच वाट्यातून फेडायची, आणि फिटली तरी मूळ ध्वनिफीत, म्हणजे मास्टर, बहुतेक करारांत कंपनीच्याच नावावर. गाणं बाजारात आणायचं की धूळ खात ठेवायचं, हे कंपनी ठरवणार. करारात अडकलेल्यानं तेच गाणं दुसरीकडं न्यायचं नाही.

डेट्रॉइटचा जे डिला बघा. एम.सी.ए. कंपनीसाठी त्यानं 'द डायरी' हा संग्रह केला. कंपनीनं बाजूला टाकला. २००६ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी डिला मेला. संग्रह लोकांपुढं आला २०१६ साली. यात माज कुणाचा?

कायदाही तसलाच. १९९१ साली बिझ मार्कीनं दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला, म्हणून न्यायाधीशानं बायबलातली चोरीविरुद्धची आज्ञा सांगून निकाल सुरू केला. काळ्यांच्या ब्लूजवर गोऱ्यांनी बंगले बांधले तेव्हा ही आज्ञा कुठं झोपली होती? डे ला सोल या तिघांचा १९८९ चा पहिला संग्रह अशाच तुकड्यांनी विणलेला. परवानग्यांचा गुंता आणि कंपनीशी पैशाचा वाद, यात तो इंटरनेटच्या जमान्यातही अडकून पडला. ३ मार्च २०२३ ला सुटला. तिघांपैकी ट्रुगॉय १२ फेब्रुवारीलाच गेला होता. तीन आठवडे! तेवढेही त्याला मिळाले नाहीत.

वर पोलीस आहेतच. २०२२ साली अटलांटात यंग थगवर टोळीचा खटला भरला, त्यात त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून घातल्या. कादंबरीत खून लिहिणाऱ्याला कुणी खुनी ठरवत नाही. काळ्याची कविता मात्र कबुलीजबाब! अशा वेळी एखाद्यानं ओळ तोंडातच ठेवली, तर त्याला भित्रा म्हणणारे आपण कोण?

आता किल्ली हिसकावून घेणारी बाई बघा. १९७२ साली आपल्या पँथरनं ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, त्याच ब्लॅक पँथरची अफेनी शकूर. १९७१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या खटल्यातून ती निर्दोष सुटली. जूनमध्ये तिला टुपाक झाला. १९९६ साली टुपाकला गोळ्या घातल्या. त्याच्या अप्रकाशित गाण्यांचा ढीग डेथ रो कंपनीकडं होता. आई कोर्टात भांडली, गाण्यांचा हक्क मिळवला, १९९७ साली स्वतःची कंपनी काढली आणि गाणी बाहेर आणली. कोणतं, कधी आणायचं, हे तिनं ठरवलं.

पण सगळंच रोखणं क्रांतिकारी नव्हे. वू-टँग क्लॅननं एका संग्रहाची एकच प्रत काढली. चित्राला मिळते तशी किंमत गाण्याला मिळावी, हा हेतू. २०१५ साली ती घेतली कुणी? मार्टिन श्क्रेलीनं! त्याच वर्षी डॅराप्रिम या औषधाची गोळी साडेतेरा डॉलरवरून साडेसातशे डॉलरवर नेणारा हाच तो. करारात अट होती की ८८ वर्षं संग्रह व्यापारी पद्धतीनं प्रसिद्ध करायचा नाही. पुढं श्क्रेली फसवणुकीत तुरुंगात गेला, सरकारनं प्रत जप्त करून २०२१ साली विकली. ज्या मोहल्ल्यातनं ते गाणं उगवलं, त्याच्या हाती काय आलं? घंटा!

मजूर हात रोखतो, त्याला आपण संप म्हणतो. धनदांडग्याच्या गोदामात माल रोखला की ती साठेबाजी. गाण्यालाही हाच हिशेब लावा.

आज मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली आपली पोरंही रॅप करतायत. उद्या कुणी उचल घेऊन दारात येईल, गळ्यात हात टाकील, कागद पुढं करील. पोरांनो, सही करण्याआधी कागद जाणत्याकडनं वाचून घ्या. मास्टर कुणाच्या नावावर? कंपनीनं गाणं काढलं नाही तर किती दिवसांनी परत मिळणार? मेल्यावर हक्क कुणाचा? उत्तर मिळेपर्यंत गाणं रोखून धरा. कुणी गद्दार म्हणालं तर म्हणू दे.

जय भीम!