वनातील तंबू आणि सूर्यास्ताची वेळ

वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला दुकानांची दारे पुन्हा उघडतात आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. त्यानंतरच्या आठवड्यात नागपुरातील व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक नवी चर्चा सुरू होते. पूर्वी ‘दोन दिवस बाहेर’ याचा अर्थ ठरलेला असे: रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे दर्शन, भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थावर मुक्काम, नाहीतर परतवाड्यावरून मुक्तागिरीची चढण. धर्मशाळेची खोली, पितळी डबे आणि सोबत घेतलेला घरचा महाराज, एवढ्यात सर्वांचे समाधान होई. आता नातवंडांना तंबू हवा असतो. तोही साधा नव्हे. आत गादीचा पलंग, जोडून गरम पाण्याचे स्नानगृह, समोर लाकडी ओटा आणि ओट्यापलीकडे रान. याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात हे घरातल्या ज्येष्ठांनाही एव्हाना पाठ झाले आहे.

या बाबतीत नागपूर भाग्यवान खरे. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि नवेगाव-नागझिरा ही सारी वने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल इतक्या अंतरावर आहेत. पेंचच्या मध्य प्रदेशातील बाजूस जामतारा येथील मोजक्या तंबूंच्या कॅम्पवर तर शेतातल्या मचाणावर उघड्या आकाशाखाली बिछाना घालून देतात. ताडोबाच्या कोलारा आणि मोहर्ली या प्रवेशद्वारांभोवतीही निवासांची दाटी झाली आहे. जागा मुबलक आहेत. प्रश्न निवडीचा आहे, आणि ती निवड बहुतेक घरांत छायाचित्रे पाहून होते.

इतवारीतील एका धान्य व्यापाऱ्याच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी अशीच छायाचित्रे पाहून निवड केली. माणसे अकरा, पिढ्या तीन, महिना डिसेंबर. मोठ्या चिरंजीवांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: ‘जैन जेवण मिळेल ना?’ पलीकडून उत्तर आले, ‘हो, मिळेल.’ आगाऊ रक्कम त्याच संध्याकाळी जमा झाली.

घरातील आजींचा चौविहार गेली चाळीस वर्षे अखंड आहे. दुपारी दोनच्या सुमारास सगळे सफारीला गेले. आजी एका सुनेच्या तान्ह्या बाळाला घेऊन तंबूवर थांबल्या. नागपूरच्या आसपास डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. साडेचार वाजता आजी स्वयंपाकघराकडे गेल्या, तेव्हा चूल थंड होती. रात्रीचे जेवण आठला, आचारी विश्रांतीला, तयार काय तर चहा आणि बटाट्याची भजी. आजींनी कोणाला त्रास दिला नाही. पाणी प्यायल्या, पच्चक्खाण घेतले आणि बाळाला थोपटत बसल्या. मंडळी अंधार पडल्यावर परतली ती वाघ दिसल्याच्या आनंदात. आठ वाजता कोणीतरी ताट वाढून आणले, तर त्या म्हणाल्या, ‘माझं केव्हाच झालं.’ ते कोणालाच खोटे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आचाऱ्यानेच धाकट्या सुनेला सहज विचारले, ‘काल आजींना बरं नव्हतं का? काहीच खाल्लं नाही त्यांनी.’ सून तशीच तंबूत गेली. ‘आई, तुम्ही सांगितलं का नाहीत?’ आजींचे उत्तर एवढेच होते: ‘अगं, मुलं किती खूश होती.’ त्या दिवशीची संध्याकाळ डब्यातल्या खाखऱ्यावर आणि गुळावर निभावली. परतीच्या गाडीत वाघाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

यात त्या निवासाचा दोष काढणे सोपे आहे. पण त्यांनी दिलेला शब्द त्यांच्या समजुतीप्रमाणे पाळला होता. पर्यटन व्यवसायात ‘जैन जेवण’ याचा अर्थ बहुधा कांदा-लसूण वगळलेले जेवण इतकाच असतो. बटाटा, गाजर, बीट, आले त्यात राहू शकते. भाजी निराळी शिजते, पण तवा, तेल आणि कढई तीच असू शकते. आणि वेळेचा तर त्या दोन शब्दांत उल्लेखही नाही. म्हणून विचारायचे ते ‘मिळेल का’ असे नव्हे. ‘संध्याकाळी पावणेपाचला ताट वाढाल का? कंदमुळांशिवाय काय काय होते? शाकाहारी स्वयंपाकाची चूल आणि भांडी वेगळी आहेत का? पिण्याचे पाणी गाळून उकळून मिळेल का?’ अशी पृच्छा करावी आणि उत्तरे लेखी मागवावीत. मोबाइलवरचा संदेशही पुरेसा आहे. ज्या निवासाला ही उत्तरे लिहून देणे जड जाते, तेथील स्नानगृह कितीही देखणे असो, पुढचा फोन दुसरीकडे करावा. काही ठिकाणी कुटुंबासोबतच्या महाराजाला स्वयंपाकघराचा एक कोपरा देतात. हा सर्वांत निर्धोक मार्ग. मात्र हौसेने स्वतःचा गॅस नेऊन तंबूत पेटवू नये. कॅनव्हास आणि ज्वाला यांचे सख्य नाही.

वेळेची खरी अडचण सफारीची आहे. दुपारची फेरी साधारणपणे सूर्यास्तालाच संपते, आणि प्रवेशद्वारापासून निवासापर्यंत येईतो अंधार होतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याला दुपारची फेरी घ्यायची तर संध्याकाळचे जेवण सोडावे लागते. सकाळच्या फेरीत वेगळाच पेच असतो. ती पहाटे सुरू होते, आणि नवकारशी असणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबावे लागते. थंडीच्या भरात ती वेळ साडेसातच्या पुढे जाते, तेव्हा गाडी ऐन वनात असते. वनात डबा उघडण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे कोठे थांबता येईल हे मार्गदर्शकाला आधीच विचारून ठेवावे. तरीही दोन्हींत सकाळची फेरी बरी. दहा-अकराच्या सुमारास परत येता येते आणि संध्याकाळ मोकळी राहते.

वनखात्याचाही एक चातुर्मास असतो, ही गमतीची गोष्ट. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ताडोबा आणि पेंचचे गाभाक्षेत्र पर्यटकांना बंद असते. साधूंच्या विहाराला विराम आणि पर्यटकांच्या गाड्यांनाही विराम, कारण दोन्हीकडे पाऊस आणि पावसात वाढणारे जीव. उन्हाळ्यात वने उघडी असतात, पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यताही अधिक. पण ४५ अंशांच्या उन्हात वृद्धांना कॅनव्हासखाली ठेवणे शहाणपणाचे नाही. राहता राहिले नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. या दिवसांत रात्री पारा दहा अंशांखाली उतरू शकतो, म्हणून तंबूत जाड रजया आहेत का आणि स्नानगृह खरोखर तंबूला जोडलेले आहे का, हे विचारावेच लागते. रानात मध्यरात्री वीस पावले चालत जाणे सत्तरीच्या माणसाला परवडत नाही.

आता पैशाची बाजू. व्यापारी घरांना ती समजावून सांगायला नको, तरी दोन जागी हमखास ठेच लागते. निवासाच्या भाड्यावर एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या तंबूचे ७,८७५ होतात, पण ७,६०० च्या तंबूचे ८,९६८. शंभर रुपयांच्या फरकाला हजाराहून अधिक रुपये मोजावे लागतात, म्हणून ‘दर करासह की कराविना’ हा प्रश्न आधी. दुसरी ठेच अधिक गंभीर. ‘बिल फर्मच्या नावाने करा’ असे सहज सांगितले जाते. घरच्या सहलीवर भरलेल्या कराचे क्रेडिट फर्मला घेता येत नाही. वैयक्तिक उपभोगावरील कर त्यातून कायद्यानेच वगळला आहे. घेतलेले क्रेडिट पुढे व्याजासह परत करण्याची वेळ आली, तर तंबूची ती रात्र फार महागात पडते.

आगाऊ रक्कम निवासाच्या नावाच्या चालू खात्यातच भरावी. कोणा व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर भरू नये. सफारीचे परवाने निवासाच्या रकमेतून वेगळे काढून त्यांची पावती मागावी, कारण महाराष्ट्रात ते वनखात्याच्या संकेतस्थळावरून प्रवाशाच्या नावाने आणि ओळखपत्राच्या क्रमांकाने निघतात. सहल रद्द झाल्यास निवासाचे पैसे काही अंशी परत मिळू शकतात, परवान्याचे मिळतीलच असे धरू नये. एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात, म्हणून अकरा माणसांना दोन गाड्या धराव्या लागतात. ताडोबा मंगळवारी बंद असते आणि आत मोबाइल नेता येत नाही, हेही मुलांना घरीच सांगून ठेवलेले बरे.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने गेल्या वर्षी पुन्हा बेत केला, तेव्हा फोन धाकट्या सुनेने केले आणि पंचांग आजींनी उघडले. दिशा पेंचची ठरली. याला एक कारण अंधाराचे होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी सिल्लारी आणि शेजारच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे खाली जमिनीकडे वळवले गेले. नातवाला आकाशगंगा पाहायची होती. दिव्यावर झेपावून मरणाऱ्या कीटकांसाठी ज्या घरात दिवेलागणीनंतर चूल पेटत नाही, तेथे कमी दिव्यांचे गाव ही कल्पना आजींना लगेच पटली. त्यांनी निवासाला एक अट जास्तीची घातली: तंबूसमोर रात्रभर शेकोटी नको आणि ओट्यावरचा मोठा दिवा बंद ठेवावा. मुलांनी थोडी कुरकुर केली, पण स्वेटर घातले.

तारखेचा पेच मात्र मजेदार होता. तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची रात्र हवी. पण तिच्या आदल्या दिवशी चतुर्दशी, आणि त्या दिवशी आजींचा उपवास. उपवासात प्रवास नको असे मुलांचे म्हणणे. शेवटी मार्गशीर्षातील शुद्ध द्वितीया-तृतीया निवडली. त्या रात्री चंद्राची कोर संध्याकाळीच मावळते आणि पुढचे आकाश पूर्ण काळे मिळते. शनिवार-रविवार जुळला नाही, त्यामुळे दोन दिवस दुकान मुनीमजींवर सोपवावे लागले.

सकाळी आठला निघून कामठी, कन्हान करीत मनसरपर्यंत महामार्ग क्रमांक ४४, तेथून वळून रामटेक. दर्शन झाले, धर्मशाळेच्या ओसरीवर डबे उघडले आणि दुपारी तंबू गाठले. पहिल्या दिवशी सफारी ठेवलीच नव्हती. पावणेपाचला अकरा ताटे एकदम वाढली गेली: तुरीची डाळ, वालाच्या शेंगा, कोबी, फुलके आणि लोणी काढलेले ताक. निवासाच्या व्यवस्थापकाने इतक्या लवकर इतकी माणसे जेवताना प्रथमच पाहिली असावीत. तो आजींच्या शेजारी उभा राहून घड्याळ पाहत होता, आणि आजी मात्र निवांतपणे दुसरा फुलका मागत होत्या.

नऊच्या सुमारास तरुण मंडळींना पुन्हा भूक लागली. स्वयंपाकघर त्यांच्याच विनंतीवरून बंद झाले होते. दोघा नातवंडांनी अंधारात चाचपडत खाखऱ्याचा डबा शोधला. आजींनी तो उशाशी घेतला होता. ‘रात्री नाही मिळायचा,’ त्या म्हणाल्या, ‘सकाळी नवकारशीला या.’ मग त्यांची खुर्ची ओट्यावर आणली गेली आणि नातवाने बोट धरून कृत्तिका कोणत्या, मृगाचे तीन तारे कोणते ते दाखवले. चष्मा काढून, पुन्हा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले.

सकाळच्या एकाच फेरीत वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांचा कळप, सांबर आणि मोर एवढ्यावर दोन्ही जिप्सी परतल्या. मोठ्या चिरंजीवांच्या मते इतका खर्च करून एकच फेरी घेणे हा हिशेब बरोबर नाही. या वर्षी ज्यांना हवी त्यांनी दुपारचीही घ्यावी आणि रात्रीचे जेवण सोडावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. सुनेने अजून होकार दिलेला नाही. नवे पंचांग तूर्त आजींच्या कपाटात आहे.