धर्म पालटला, कंठ नाही

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही आपली कर्मभूमी केली. त्यांचे धर्मांतर आपणांस रुचणारे नाही. परंतु त्यांच्या गीतांची साक्ष डावलता येत नाही. प्रार्थनामंदिरांत पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते रूढ असताना अमेरिकन मराठी मिशनच्या या सेवकाने ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे दुसरे काय घडणार? उपासना पालटली तरी संस्कृतीचा कंठ पालटत नाही. म्हणूनच टिळकांची भजने गाणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना परके लेखण्यात हानी आपलीच आहे.