नोटीस जुन्या सीएच्या मेलवर, जप्ती तुमच्या खात्यावर

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीत जॉबवर्क करणारा आपला खानदेशी कारखानदार सीए बदलतो तो बहुधा फीवरून वाजल्यामुळे. नवा माणूस पुढच्या महिन्याचे रिटर्न भरू लागतो आणि विषय मिटला असे वाटते. जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल मात्र जुन्याचाच राहतो. कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे पोर्टलवर टाकलेली किंवा नोंदवलेल्या ईमेलवर धाडलेली नोटीस बजावलेली धरली जाते, मग ती मालकाने पाहिलेली असो वा नसो.

हे दुखणे सरकारला ठाऊक आहे. नोंदणी करून देणाऱ्या मध्यस्थांनी स्वतःचेच ईमेल आणि मोबाइल टाकले, आता ते पासवर्ड देत नाहीत, अशा तक्रारी आल्यावर २०१८ मध्येच अर्थ मंत्रालयाने उपाय जाहीर केला होता: कागदपत्रे घेऊन आपल्या हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे जा, तो तपशील बदलून देईल. पण नोटीस आल्याशिवाय अधिकाऱ्याची पायरी चढायची नाही, हा आपला स्वभाव. आणि इथे तर नोटीस आल्याचेच कळत नाही.

चौकशी होते ती जुन्या वर्षांची, हे खरे संकट. २०१७-१८ या जीएसटीच्या पहिल्या वर्षाचे कलम ७३ खालचे करमागणीचे आदेश काढायला ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या यार्नच्या बिलाचा जाब तेव्हा द्यायचा. ३बी रिटर्नमध्ये घेतलेले क्रेडिट आणि २ए मध्ये दिसणारे क्रेडिट यांतल्या तफावतीवर डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने वाट दिली होती: एका पुरवठादाराकडची वर्षाची तफावत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचेच प्रमाणपत्र चालेल, त्यावर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे. सवलत चांगली, पण त्यासाठी पुरवठादारवार खतावणी हवी आणि ती जुन्याच्या टॅलीत. ज्याची दोन महिन्यांची फी बुडवली, त्याच्याकडे ती मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

पोर्टलवर नोटिसांचा आणखी एक कप्पाही आहे, तो पूर्वी आडबाजूला होता. तिथे पडलेली नोटीस दिसलीच नाही, म्हणून कित्येक व्यापारी मद्रास उच्च न्यायालयात गेले. काहींना दिलासा मिळाला, पण विवादित कराचे दहा टक्के भरण्याच्या अटीवर. ज्याला हायकोर्टाची पायरी परवडत नाही त्याला अपिलासाठी तीन महिने, फार तर वर एक. त्यानंतर अपील अधिकाऱ्याचेही हात बांधलेले, आणि वसुली थेट बँक खात्यातून.

सीए संस्थेच्या नियमाप्रमाणे नव्या ऑडिटरने जुन्याला आधी पत्र लिहायलाच हवे. नियम उत्तम. मात्र तो ऑडिटपुरता; दरमहा रिटर्न भरणारे अनेक जण सीए नसतातच. अशांनी काम सोडताना प्रलंबित नोटिसा लेखी कळवाव्यात, हे बंधन व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांच्या करारात घालावे. फीचा वाद काहीही असो, अशिलाची नोटीस दाबून ठेवणे हा अपराधच.

कारखानदारांनो, जुन्याची शेवटची फी चुकती करा, पण टॅलीचा बॅकअप हातात घेऊनच. जीएसटी आणि आयकर, दोन्ही पोर्टलांवर मोबाइल-ईमेल आपला टाका, आणि नोटिसांचे सगळे कप्पे नव्या सीएला समोर बसवून उघडा. हे दिवाळीनंतर करू म्हणू नका. मुदत कदाचित आधीच सुरू झाली असेल.