लैंगिक उपयोगाच्या वस्तूंच्या विक्रीबाबत निश्चित व लेखी नियम जाहीर करण्यासाठी निवेदन

प्रति,
मा. सचिव महोदय, गृह विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्रौढांसाठीच्या लैंगिक उपयोगाच्या वस्तू 'अश्लील' ठरवून दिंडोशी परिसरातील दुकानांवर होणाऱ्या जप्तीच्या कारवाया थांबवणे व त्याबाबत परिपत्रक काढणे.

महोदय,

दिंडोशी, संतोष नगर, नागरी निवारा व कुरार या भागांत औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि भेटवस्तू विकणारे लहान दुकानदार, मागणीनुसार घरपोच माल पोहोचवणारे विक्रेते आणि त्यांचे ग्राहक यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. याच विषयावर स्थानिक पातळीवर वेळोवेळी दिलेल्या अर्जांवर पोचपावतीच्या शिक्क्यापलीकडे काहीही हाती आलेले नाही, म्हणून ते आता थेट विभागाकडे आणणे भाग पडले आहे.

प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या, अथवा संमतीने जोडीदाराच्या, शरीरसुखासाठी वापरावयाची कंपन-उपकरणे, सिलिकॉनच्या वस्तू, जेल व तत्सम साहित्य यांना या निवेदनात लैंगिक उपयोगाच्या वस्तू म्हटले आहे. या वस्तूंची विक्री त्यांचे नाव घेऊन मना करणारा कायदा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम २९२, पुस्तक, चित्र व आकृती यांच्या यादीअखेर 'अन्य कोणतीही वस्तू' असे म्हणून थांबते आणि कोणती वस्तू कशामुळे अश्लील हे ठरवण्याचे काम प्रत्यक्षात दुकानात शिरलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर येऊन पडते. कलमांचा मजकूर महोदयांना ठाऊक असल्याने तो येथे उतरवलेला नाही. त्या मजकुराची संदिग्धता दूर करण्याची विनंती यापूर्वी केली असता 'नवी संहिता लागू होऊ द्या, मग सारे स्पष्ट होईल' असे तोंडी आश्वासन मिळाले होते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, दंडाची कमाल रक्कम वाढली आणि संदिग्धता होती तशीच राहिली.

या संदिग्धतेची किंमत मुंबईने पूर्वीही मोजली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये या शहरात संततिनियमन केंद्र सुरू केले, त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडली, आणि त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड चुकला नाही. ज्या साधनांच्या प्रचारासाठी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, त्यांपैकी एक साधन शासन स्वतः १९६८ पासून 'निरोध' या नावाने विकू आणि वाटू लागले, ही गोष्ट विभागाने ध्यानी घ्यावी. पुढे मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची एका इंग्रजी कादंबरीच्या विक्रीबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली, तीही १८६८ च्या हिक्लिन कसोटीवर, म्हणजे दुबळ्या मनाच्या वाचकावर मजकुराचा काय परिणाम होईल एवढेच पाहणाऱ्या इंग्लंडमधील मापदंडावर. ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला ठेवली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेला निर्दोष ठरायला १९६९ साल उजाडले. लेखकाला निदान वाचकांची सहानुभूती मिळते; मालाडच्या दुकानदाराला तेवढीही मिळत नाही.

अलीकडचे निर्णय तर आणखी स्पष्ट आहेत. अंगाला मसाज करण्याच्या उपकरणांची एक आयात खेप, त्यांचा लैंगिक उपयोग होऊ शकतो एवढ्या कारणावरून, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १९६४ च्या अधिसूचनेखाली अडवली होती. अश्लील पुस्तके, चित्रे व तत्सम वस्तूंची आयात रोखणारी ती अधिसूचना अशा उपकरणांना लागू होत नाही आणि त्यांच्या लैंगिक उपयोगाचा निष्कर्ष हा अधिकाऱ्याच्या कल्पनेचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा व अकबर पदमसी यांची सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवलेली चित्रे सोडण्याचा आदेश देताना, प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हेही याच न्यायालयाने सांगितले. दोन्ही प्रकरणांत अधिकाऱ्याचे वैयक्तिक मत कायद्याच्या जागी बसवले गेले होते. दिंडोशीत तेच घडते, फरक इतकाच की येथील दुकानदाराला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत नाही.

निवेदनकर्त्यांना सर्वाधिक जाच आहे तो जप्तीचा, आणि गुन्हा सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेचा. कारवाई बहुधा संध्याकाळी, गिऱ्हाइकाच्या वेळी होते. खोकी फळीवरून काढून दुकानाबाहेर उघड्यावर मांडली जातात. पंच म्हणून शेजारचा पानवाला किंवा नाक्यावरचा रिक्षाचालक उभा केला जातो, आणि गल्ल्यावर दुकानदाराची पत्नी वा मुलगी बसलेली असली तरी त्यात बदल होत नाही. पंचनाम्यात 'अश्लील वस्तू' असे लिहून नगांची संख्या टाकली जाते, म्हणजे जो प्रश्न न्यायालयाने सोडवायचा त्याचे उत्तर पहिल्याच कागदावर उमटते. त्याच पोत्यात शासनमान्य निरोध, गर्भधारणा तपासणीचे संच आणि औषधाच्या कंपनीचे जेलही भरले जाते, कारण कोणती वस्तू आक्षेपार्ह याची यादी कोणाकडेच नाही. झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले ते नागरिकाच्या संरक्षणासाठी. येथे मात्र अधिकृत चित्रीकरणासोबत बघ्यांचे दहा मोबाइलही सुरू असतात, त्यांना कोणी हटकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराचा चेहरा आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतो. मुलांच्या शाळेत त्यावरून चर्चा होते. घरमालक दुकानाचा भाडेकरार पुढे वाढवण्यास नकार देतो. एका महिला विक्रेतीने तर अशा प्रकारानंतर हा परिसरच सोडला.

यानंतर मुद्देमालाचा, म्हणजे जप्त मालाचा, प्रश्न येतो. जेलला वापराची मुदत असते, उपकरणांतील बॅटऱ्या न वापरता पडून राहिल्या की फुगतात, सिलिकॉन उष्णतेत चिकट होते, त्यामुळे कधीकाळी माल परत मिळाला तरी तो विकण्याजोगा राहत नाही. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे. प्रत्यक्षात मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करायचा, तो फेटाळला गेल्यास पुनरीक्षणासाठी दिंडोशीच्या सत्र न्यायालयाची पायरी चढायची, आणि प्रत्येक तारखेला दुकान बंद ठेवायचे. मालाच्या किमतीपेक्षा वकिलाची फी अधिक होते, हे दुकानदाराला पहिल्याच महिन्यात कळून चुकते. मग त्याला सल्ला मिळतो की गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि मोकळे व्हावे. बरेच जण तसे करतात. त्याचा परिणाम असा की वस्तू अश्लील होती की नव्हती हा प्रश्न न्यायालयासमोर गुणवत्तेवर कधीच येत नाही, दुकानदाराच्या नावावर मात्र दोषसिद्धीची नोंद होते, आणि पुढच्या वेळी तोच माणूस पाच वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. ज्या नियमाची परीक्षाच होऊ दिली जात नाही, त्याच्या आधारे माणसे गुन्हेगार ठरवली जात आहेत. ही बाब वेळोवेळी लेखी कळवल्यावर 'आठ दिवसांत मार्गदर्शन मागवतो' असे उत्तर मिळाले होते. ते मार्गदर्शन मागवले गेले की नाही, हेही आजतागायत कळवण्यात आलेले नाही.

हीच उपकरणे 'पर्सनल मसाजर' म्हणून मोठ्या संकेतस्थळांवर आणि काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर उघडपणे विकली जातात. कारवाई वस्तू पाहून होत नसून दुकानाचा आकार पाहून होते, असा समज परिसरात पक्का होऊ लागला आहे आणि तो चुकीचा असल्याचे दाखवणारे एकही उदाहरण निवेदनकर्त्यांसमोर नाही. गोव्यात कळंगुट येथे २०२१ मध्ये उघडपणे सुरू झालेले असे दुकान अल्पावधीत बंद पडले, तेव्हा पुढे आलेले कारण व्यापार परवान्याचे होते. निदान तेथे कारण सांगितले गेले.

सार्वजनिक सभ्यतेचे रक्षण हा या कारवायांचा हेतू सांगितला जातो. तो हेतू मान्य करूनही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने स्पष्ट शब्दांत मना आहेत, तरीही उपनगरी रेल्वेच्या डब्यांत आणि रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' अशी पत्रके पिढ्यान् पिढ्या चिकटलेली आहेत आणि शाळकरी मुले ती रोज वाचतात. जेथे स्पष्ट मनाई आहे तेथे कारवाई दिसत नाही, जेथे मनाई नाही तेथे पंचनामे होतात. याचाही उल्लेख मागील अर्जांत होता. त्यावर हसून 'बघू' असे सांगण्यात आले.

ग्राहकाचा प्रश्न दुकानदाराच्या प्रश्नाहून वेगळा नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये एकमताने ठरवले. प्रौढ व्यक्ती बंद दाराआड स्वतःच्या शरीराशी कशी वागते हे त्या अधिकाराच्या ऐन गाभ्यातले आहे. तरीही दुकानाचा मोबाइल जप्त झाला की त्यातील ग्राहकांची नावे, पत्ते आणि मागण्या पंचनाम्याच्या कागदांसोबत फिरू लागतात. विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अपंग व्यक्ती, आजारपणानंतर डॉक्टरांनी अशी साधने सुचवलेले पती-पत्नी असे सारेच या ग्राहकांत आहेत, आणि त्यांपैकी कोणीही उघडपणे तक्रार करणार नाही, हे कारवाई करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

वरील परिस्थितीत निवेदनकर्त्यांची मुख्य मागणी एकच आहे. कोणत्या लैंगिक उपयोगाच्या वस्तूंची प्रौढांना विक्री करण्यास हरकत नाही आणि कोणत्या निकषावर हरकत घेतली जाईल, हे उच्च न्यायालयाच्या वरील दोन्ही निर्णयांच्या आधारे विभागाने परिपत्रकाद्वारे लिहून जाहीर करावे, आणि ते निघेपर्यंत अशा वस्तूंची जप्ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सकारण लेखी आदेशाशिवाय करू नये. बंदी घालायची असेल तर तीही उघडपणे घालावी, म्हणजे तिला न्यायालयात आव्हान देता येईल. जप्ती झालीच तर माल दुकानाच्या आत मोजावा, पंचनाम्यात वस्तूचे केवळ वर्णन लिहावे, ती अश्लील असल्याचा निष्कर्ष लिहू नये, बघ्यांचे चित्रीकरण थांबवावे, आणि मुदतीचा माल महिन्याच्या आत परत करण्यास पोलिसांनी हरकत घेऊ नये. ग्राहकांची माहिती गुन्ह्याशी संबंध नसल्यास तपासाच्या कागदांत घेऊ नये.

याशिवाय अल्पवयीनांना विक्री न करण्याची अट परवान्यातच घालावी, तिला निवेदनकर्त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी मानक ठरवले आहे, त्याच्या धर्तीवर येथेही मानक लागू करण्याची शिफारस केंद्राकडे व्हावी. १९६४ च्या अधिसूचनेच्या फेरविचाराचीही शिफारस करावी.

तोंडी आश्वासनांवर विसंबण्याची निवेदनकर्त्यांची आता तयारी नाही. 'फाइल वर गेली आहे' हे उत्तर अनेकदा मिळाले; ती कोठवर गेली हे कधीच कळले नाही. तरी या निवेदनावर तीस दिवसांच्या आत लेखी व सकारण उत्तर द्यावे आणि निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती. मुदतीत उत्तर न आल्यास निवेदनकर्ते वर्गणी काढून मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करतील, आणि आजवरच्या सर्व अर्जांच्या पोचपावत्या त्या याचिकेला जोडल्या जातील.

आपले विश्वासू,
दिंडोशी, मालाड (पूर्व) व गोरेगाव (पूर्व) परिसरातील दुकानदार, विक्रेते व ग्राहक
(स्वाक्षऱ्यांची पाने सोबत जोडली आहेत, ग्राहकांच्या स्वाक्षऱ्या त्यांच्या विनंतीवरून बंद पाकिटात आहेत.)